दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, १९०७ - २९ जून, १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृत ग्रंथांचे संपादक आणि इतिहासकार होते. बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. दामोदर कोसंबी यांच्या आयुष्याचा मोठा भाग पुण्यात गेला. प्राचीन भारताच्या इतिहासाची मार्क्सवादी दृष्टिकोनातून मांडणी करणारे आद्य अभ्यासक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, पाठसंपादन, पुरातत्त्व व समाजेतिहास अशा परस्परांपासून दूर असलेल्या विषयांत त्यांनी शोधनिबंध लिहिले. हे निबंध अनेक देशांतील लहानमोठ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यामुळे त्यांच्या काही संशोधनांना तत्काळ मान्यता मिळाली, तर काही संशोधने अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली.

== जन्म व शिक्षण ==

कोसंबी यांचा जन्म गोव्यातील कोसबे या गावी झाला. त्यांच्या आईचे नाव बाळाबाई. धर्मानंद १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. त्यामुळे दामोदर यांचे प्राथमिक शिक्षण पुण्यात झाले. हार्वर्ड विद्यापीठात बुद्धघोषाच्या 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते. त्या कामासाठी धर्मानंद १९१८ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांनी दामोदर व मोठी मुलगी माणिक यांना बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे प्रसिद्धीस आलेले गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा परिचय याच काळात झाला.

शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ भारतात राहून १९२६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले. १९२९ साली त्यांनी हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. गणिताबरोबरच त्यांनी अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या होत्या. पुढे निरनिराळ्या देशांतील नियतकालिकांत लिहिताना व तेथील संशोधन मुळातून वाचताना त्यांना या भाषाज्ञानाचा उपयोग झाला.

== बनारस व अलीगढ ==

भारतात परतल्यावर कोसंबी बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांचा पहिला शोधनिबंध १९३० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथील गणित विभागाचे प्रमुख त्या वेळी आंद्रे वेइल हे तरुण फ्रेंच गणितज्ञ होते. त्याच वर्षी कोसंबी यांचा नलिनी माडगावकर यांच्याशी विवाह झाला. त्यांना माया व मीरा या दोन मुली झाल्या. त्यांपैकी मीरा कोसंबी पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आल्या.

वेइल यांच्या सूचनेवरून कोसंबी यांनी १९३१ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचे व्यापकीकरण केल्याचे भासवले होते. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेने तो गंभीर निबंध म्हणून छापला. पुढे वेइल व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी निकोला बूर्बाकी या सामूहिक टोपणनावाने आधुनिक गणितावर ग्रंथमाला लिहिली. गणितविषयक लेखनात हे नाव प्रथम छापले गेले ते कोसंबी यांच्या या निबंधात, असे मानले जाते.

== पुण्यातील कार्य ==

अलीगढहून कोसंबी पुण्याला आले व फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९४५ पर्यंत ते तेथे होते. त्यांच्या संशोधनाचे बहुतेक सर्व विषय याच काळात आकाराला आले. १९३४ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले आणि १९३५ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले.

=== पथ-अवकाशाची भूमिती ===

कोसंबी यांचे आरंभीचे मुख्य संशोधन विभेदक भूमितीत होते. दुसऱ्या कोटीच्या विभेदक समीकरणांची उत्तरे हे अवकाशातील मार्ग आहेत असे मानून त्या मार्गांवरून अवकाशाचे गुणधर्म ठरवणे, हा त्यांचा विषय होता. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९३३ मध्ये जर्मनीतील 'मॅथेमाटिश त्साइटश्रिफ्ट' या नियतकालिकात आला. त्यालाच जोडून ज्येष्ठ फ्रेंच गणितज्ञ एली कार्तां यांची त्या निबंधावरील टिपणी छापली गेली. १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी या विचारात भर घातली. हा सिद्धान्त आज कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. गतिशील प्रणालींच्या स्थैर्याच्या अभ्यासात त्याचा उपयोग होतो.

=== संख्याशास्त्र व आनुवंशिकी ===

१९४३ व १९४४ या दोन वर्षांत कोसंबी यांचे दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचे पुढील भवितव्य मात्र अगदी भिन्न ठरले.

पहिला निबंध फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्राविषयी होता. यदृच्छेने बदलत जाणारी एखादी राशी परस्परांशी सहसंबंध नसलेल्या घटकांत कशी विभागता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. तेरा पानांचा हा निबंध १९४३ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये आला. महायुद्धाचा तो काळ होता आणि या नियतकालिकाचा परदेशातील प्रसारही मर्यादित होता. काही वर्षांनी फिनलंडचे कारी करहुनेन व फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष मांडला आणि तो त्या दोघांच्या नावाने रूढ झाला. संदेशप्रक्रिया, प्रतिमांचे संक्षेपण व आकृतिबंधांची ओळख या क्षेत्रांत ही पद्धत आज मूलभूत मानली जाते. तिच्या नावात कोसंबी यांचाही समावेश व्हावा, असे मत नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडले आहे.

दुसरा निबंध अवघा चार पानांचा होता. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून कसे काढावे, हा त्याचा विषय होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात गुणसूत्रावरील एका ठिकाणच्या विनिमयाचा जवळच्या दुसऱ्या विनिमयावर परिणाम होत नाही असे गृहीत धरले होते. कोसंबी यांच्या सूत्रात असा परिणाम विचारात घेतलेला आहे. हा निबंध १९४४ मध्ये लंडनच्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये, म्हणजे आनुवंशिकीचे अभ्यासक नियमित वाचत असलेल्या नियतकालिकात, प्रसिद्ध झाला. कोसंबी यांनी या विषयावर पुढे फारसे लिहिले नाही. तरीही पिकांचे व प्राण्यांचे जनुकीय नकाशे तयार करताना कोसंबी फलन आजही वापरले जाते.

=== नाण्यांचा अभ्यास ===

संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहण्यासाठी कोसंबी नाण्यांकडे वळले. प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसते; केवळ ठशांनी उमटवलेली चिन्हे असतात. त्यामुळे त्यांचा काळ ठरवणे कठीण होते. नाणे हातोहात फिरताना झिजते आणि त्याचे वजन कमी होते. म्हणून एका प्रकारची नाणी जितकी अधिक काळ चलनात राहिली असतील, तितके त्यांचे सरासरी वजन कमी व वजनांतील परस्परतफावत अधिक आढळेल, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणी वजन करून पाहिली. या नाण्यांची वर्षे माहीत असल्यामुळे चलनाचा काळ व झीज यांचा संबंध प्रत्यक्ष मोजता येत होता. त्यानंतर त्यांनी तक्षशिला येथे सापडलेल्या निधींतील नाण्यांना हीच पद्धत लावली. नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी उमटवलेल्या लहान चिन्हांची संख्या आणि वजनातील घट यांतही त्यांनी संबंध दाखवला. या माहितीवरून नाण्यांच्या गटांचा कालानुक्रम लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला. या संशोधनाचे निबंध १९४० पासून बंगळुरूच्या 'करंट सायन्स'मध्ये आणि 'न्यू इंडियन अँटिक्वरी'मध्ये येऊ लागले. पुण्याचे विद्वान सु. मं. कत्रे व प. कृ. गोडे हे 'न्यू इंडियन अँटिक्वरी'चे संपादक होते.

=== संस्कृत ग्रंथांचे संपादन ===

नाणी पाडणाऱ्या राजांचा शोध घेताना कोसंबी यांना संस्कृत साहित्याकडे वळावे लागले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करणारे वि. सी. सुखठणकर यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. सुखठणकर यांचे शिक्षणही मुळात गणिताचे झाले होते. अनेक हस्तलिखिते पदोपदी ताडून ग्रंथाचा जुना पाठ निश्चित करण्याची त्यांची पद्धत कोसंबी यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांना लावली.

त्यांनी शेकडो हस्तलिखितांची माहिती मिळवून त्यांचे प्रदेशवार गट पाडले. सर्व परंपरांत आढळणारे श्लोक एका बाजूला आणि काही परंपरांतच आढळणारे श्लोक दुसऱ्या बाजूला अशी विभागणी त्यांनी केली. नीती, शृंगार व वैराग्य ही तीन शतके मिळून परंपरेने तीनशे श्लोक सांगितले जात असले, तरी निश्चितपणे जुने मानता येतील असे सुमारे २०० श्लोकच त्यांना आढळले. ही आवृत्ती १९४८ मध्ये मुंबईहून सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. पारंपरिक संस्कृत ग्रंथाची ही आवृत्ती त्यांनी मार्क्स, एंगल्स व लेनिन यांच्या स्मृतीस अर्पण केली होती. पुढे वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या संग्रहाचे संपादन केले. तो १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाला.

== इतिहासलेखन ==

राजवंशांची वर्षे व लढाया यांच्यापेक्षा उत्पादनाची साधने आणि त्यांच्या अनुषंगाने बदलणारे समाजसंबंध यांना कोसंबी यांनी इतिहासात प्राधान्य दिले. 'ॲन इन्ट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६) या ग्रंथात त्यांनी ही भूमिका सविस्तर मांडली. मात्र युरोपच्या इतिहासावरून बेतलेले टप्पे भारताला जसेच्या तसे लावण्यास त्यांचा विरोध होता. भारतीय समाज आदिम साम्यवादातून गुलामगिरीत गेला अशी मांडणी करणाऱ्या श्रीपाद अमृत डांगे यांच्या पुस्तकाचे त्यांनी भांडारकर संस्थेच्या पत्रिकेत कठोर परीक्षण केले.

भारतीय सरंजामशाहीची दोन अंगे त्यांनी वेगळी केली. राजाने अधिकार व उत्पन्न वाटून दिल्यामुळे ती वरून निर्माण झाली आणि गावातच जमीनदारांचा वर्ग उदयाला आल्यामुळे ती खालून वाढली, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीवर पुढे इतिहासकारांत दीर्घ चर्चा झाली व तिच्यावर आक्षेपही घेतले गेले.

ग्रंथांइतकेच महत्त्व त्यांनी क्षेत्रभ्रमणाला दिले. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, घाटवाटा व गावे ते पायी हिंडत. तेथे त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणजे अश्मयुगातील लहान दगडी हत्यारे मिळाली. देवस्थाने, महापाषाण आणि जुन्या वाटा यांच्या त्यांनी नोंदी केल्या. म्हसोबा, खंडोबा, बोल्हाई व गावोगावच्या मातृदेवता यांच्या स्थानांवरून आणि त्यांच्याशी निगडित रूढींवरून त्यांनी पशुपालक व शेतकरी समाजांच्या संपर्काचा माग काढला. कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत येणाऱ्या धेनुकाकट या वसाहतीचा त्यांनी व्यापारी मार्गांच्या संदर्भात अभ्यास केला. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात या भ्रमणातून तयार झालेले निबंध आहेत. भगवद्गीतेची सामाजिक बाजू, पुरूरवा-उर्वशी कथा, पंढरीच्या वाटेसारखे यात्रामार्ग आणि गोव्यातील गावसंस्था हे त्यांतील काही विषय होत.

== संशोधनपद्धती व प्रकाशनाची माध्यमे ==

भाषाशास्त्र, पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि ग्रंथांचा चिकित्सक अभ्यास यांची सांगड घातल्याखेरीज भारताचा प्राचीन इतिहास समजणार नाही, असे कोसंबी यांचे मत होते. या भूमिकेचे विवेचन करणारा त्यांचा निबंध १९६३ मध्ये हॉलंडमधून निघणाऱ्या 'इंडो-इरानियन जर्नल'मध्ये आला. अशा मिश्र पद्धतीच्या लेखनासाठी त्या काळी कोणतेही एक नियतकालिक नव्हते. गणिताच्या नियतकालिकांना नाणी परकी होती, तर प्राच्यविद्येच्या पत्रिकांच्या वाचकांना संख्याशास्त्र अपरिचित होते.

त्यामुळे कोसंबी विषयानुसार माध्यम निवडत. संस्कृत व सामाजिक इतिहासाचे निबंध ते भांडारकर संस्थेची पत्रिका, 'भारतीय विद्या' आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची पत्रिका यांत देत. जात व वर्ग यांवरील लेखन न्यूयॉर्कच्या 'सायन्स अँड सोसायटी'त आले. पश्चिम दख्खनमधील सूक्ष्मास्त्रे व धान्ये यांवरील टिपणे लंडनच्या मानवशास्त्रीय नियतकालिकात, 'मॅन'मध्ये, प्रसिद्ध झाली. भर्तृहरीच्या वैराग्याविषयीचा त्यांचा वादग्रस्त निबंध १९४१ मध्ये फर्ग्युसन व विलिंग्डन महाविद्यालयांच्या नियतकालिकातही छापला गेला होता. नाण्यांविषयीची आपली पद्धत त्यांनी सामान्य वाचकांसाठी फेब्रुवारी १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सांगितली.

या विखुरलेपणाचा परिणाम असा झाला, की इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे गणित आणि गणितज्ञांना त्यांचा इतिहास दीर्घकाळ अपरिचित राहिला. एका शाखेतील निबंधाला दुसऱ्या शाखेत पुरेशी तपासणी मिळत नसे. त्याचे गंभीर परिणाम पुढे त्यांना स्वतःलाही भोगावे लागले.

== टाटा मूलभूत संशोधन संस्था ==

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या अभ्यासवृत्तीवर त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास केला. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतही काही काळ काम केले. इतिहासकार ए. एल. बॅशम यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो याच प्रवासात. मुंबईत नोकरी असली तरी त्यांचे घर पुण्यातच होते. दख्खनची राणी या गाडीने ते पुणे-मुंबई प्रवास करीत.

१९५० नंतर कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सहभागी झाले. सोव्हिएत संघ व चीन या देशांना त्यांनी भेटी दिल्या. अणुऊर्जेवर मोठा खर्च करण्याऐवजी भारताने सौरऊर्जेच्या वापराकडे लक्ष द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढील व्याख्यानात त्यांनी ती मांडली. देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या भाभांच्या धोरणाशी ही भूमिका विसंगत होती.

याच सुमारास त्यांच्या गणितातील प्रतिष्ठेला धक्का बसला. मूळ संख्यांच्या वितरणाशी निगडित असलेले रीमान गृहीतक हा गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्नांपैकी एक आहे. संभाव्यताशास्त्राच्या आधारे तो सोडवल्याचा दावा कोसंबी यांनी १९५९ मधील एका निबंधात केला. हा निबंध 'जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स' या कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. संख्या-सिद्धान्ताचे तज्ज्ञ हा निबंध प्रसिद्धीपूर्वी तपासतील, असे ते नियतकालिक नव्हते. तज्ज्ञांनी ही सिद्धता मान्य केली नाही आणि निबंधावर व तो जिथे छापला गेला त्या जागेवरही टीका झाली. मूळ संख्या व संभाव्यता यांचा संबंध शोधण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. १९६३ मध्ये मूळ संख्यांच्या नमुना-वितरणावरील त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. भाभांशी झालेले मतभेद, रीमान गृहीतकाविषयीचा निबंध आणि गणिताबाहेरील विषयांना ते देत असलेला वेळ अशी यामागची कारणे निरनिराळ्या अभ्यासकांनी सांगितली आहेत.

== अखेरची वर्षे व मृत्यू ==

नोकरी गेल्यावर कोसंबी यांचा मुक्काम पूर्णवेळ पुण्यात राहिला. या काळात त्यांनी संख्या-सिद्धान्तावरील काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद निवृत्त शास्त्रज्ञ म्हणून नेमले. त्यासाठी ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी संलग्न होते. लंडनहून १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शन्ट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन' या ग्रंथाने ते जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे पुण्यात निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते. भारतातील जिवंत प्रागैतिहासिक परंपरांवरील त्यांचा लेख १९६७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आला.

== मरणोत्तर प्रकाशने व प्रभाव ==

कोसंबी यांचे विखुरलेले लेखन त्यांच्या मृत्यूनंतर टप्प्याटप्प्याने एकत्र झाले. नाण्यांवरील निबंधांचा संग्रह १९८१ मध्ये निघाला. इतिहास व प्राच्यविद्येवरील निबंध ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी संपादित करून २००२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गणित व संख्याशास्त्रातील निवडक निबंधांचा संग्रह रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली २०१६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५० वर्षांनी, प्रकाशित झाला. या संग्रहांमुळे त्यांच्या विविध विषयांतील कामाचा परस्परसंबंध अभ्यासकांना प्रथमच एकत्रितपणे पाहता आला.

रामशरण शर्मा, रोमिला थापर व इरफान हबीब यांच्यासारख्या इतिहासकारांनी कोसंबी यांच्या लेखनाचे महत्त्व मान्य केले आहे. जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. गोव्यात २००८ पासून त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवला जातो.

== प्रमुख ग्रंथ ==

* द एपिग्राम्स ॲट्रिब्यूटेड टू भर्तृहरी (संपादन, १९४८)
* ॲन इन्ट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (१९५६)
* एक्झॅस्परेटिंग एसेज (१९५७)
* सुभाषितरत्नकोश (वा. वि. गोखले यांच्यासह संपादन, १९५७)
* मिथ अँड रिअ‍ॅलिटी (१९६२)
* द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शन्ट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन (१९६५)
* इंडियन न्यूमिस्मॅटिक्स (मरणोत्तर, १९८१)
* कम्बाइन्ड मेथड्स इन इंडॉलॉजी अँड अदर रायटिंग्ज (मरणोत्तर, २००२)